पंखा निवडीची शास्त्रशुद्ध पद्धत

वस्तूची निवड ती वस्तू वापरणाऱ्याच्या हाती कधीही सोपवू नये, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण आहे. वापरणारा माणूस मुळात पक्षपाती असतो. चपलेबद्दल पायाला विचारलं, तर तो 'चावते' किंवा 'चावत नाही' यापलीकडे काही सांगू शकत नाही. चपलेचा रंग, तिची शिलाई, चार लोकांत पडणारी तिची छाप, याविषयी पायाला मत नसतं. म्हणूनच शाळेची पुस्तकं मुलं निवडत नाहीत, इस्पितळातल्या खाटा रोगी निवडत नाहीत आणि आमच्या मच्छीमार संस्थेत बोटीचे पंखे बोटवाले निवडत नाहीत.

यातली शेवटची सुधारणा अगदी अलीकडची. गेल्या वर्षापर्यंत आमच्याकडे सगळा अंधार होता. ज्याचा पंखा तुटला तो माणूस भांडारात यायचा, भांडारपाल फळीवरून दुसरा पंखा काढून द्यायचा, रजिस्टरात सही व्हायची आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी समुद्रात. या सगळ्यात चर्चा नव्हती, अहवाल नव्हता, चहासुद्धा नव्हता. मग आमचे अध्यक्ष एका दोन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराला जाऊन आले. तिथलं 'पंख्याची शास्त्रशुद्ध निवड' हे व्याख्यान जेवणानंतर होतं. त्यामुळे व्याख्यानाचा मधला भाग अध्यक्षांना सांगता येत नाही, पण सुरुवात आणि शेवटच्या टाळ्या त्यांना स्पष्ट आठवतात. परत आल्याआल्या त्यांनी भांडाराला कुलूप लावलं आणि पंखा निवड समिती स्थापन केली. समितीचा चिटणीस मी.

ज्यांचा समुद्राशी संबंध फक्त फोटोपुरता आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या बोटी लहान असतात आणि मशीन बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं असतं. त्या मशीनच्या खालच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा असतो, त्याला तीन किंवा चार पाती. पंख्यावर एक आकडा कोरलेला असतो, त्याला पीच म्हणतात. पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल, ते तो आकडा सांगतो. आमच्या मशीनना बसणारे पंखे नऊपासून पंधरापर्यंत मिळतात. आकडा लहान असला तर पंखा ओझं ओढतो पण पळत नाही, मोठा असला तर पळतो पण ओझं ओढत नाही. थोडक्यात, बैल आणि घोडा. एवढं कळलं की समितीत बसण्यापुरतं ज्ञान झालं. (समितीतल्या सहा जणांना एवढंही लागलं नाही.)

समितीपुढे आलेलं पहिलंच प्रकरण माझ्या सख्ख्या आत्याचं होतं. आत्या स्वतः बोट चालवते. सुकाणूवर ती, जाळ्यावर तिची सून आणि उरलेल्या सगळ्या कामांवर आतोबा. एका सकाळी पाण्यात वाहत आलेल्या ओंडक्यावर पंखा आपटला आणि एक पात मुळापासून गेली. त्या दिवशी त्यांनी वल्ही मारत बोट घरी आणली. (आत्या तुटका पंखा पिशवीत घालून थेट संस्थेच्या कार्यालयात आली. पिशवी ओली होती, ती तिने माझ्या टेबलावर ठेवली, त्यामुळे टेबलावर गोल डाग पडला, तो अजून आहे. 'अस्साच दे, अकराचा, परवा निघते,' असं ती म्हणाली. नोंद घेण्यात आली. डाग पुसण्याबाबत शिपायाला लेखी कळवण्यात आलं.)

आता घाई कसली, असं कोणी विचारेल. घाई धक्क्यावरच्या जागेची होती. आमच्या धक्क्याला एकूण चाळीस बोटी लागतात आणि जागेसाठी थांबलेल्यांची यादी सतरा जणांची आहे. म्हणून संस्थेचा नियम क्रमांक बारा असा, की जी बोट तीस दिवसांत एकदाही किमान बारा क्रेट मासळी घेऊन धक्क्याला लागणार नाही, तिची जागा तिसाव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता यादीतल्या पहिल्या माणसाला मिळेल. आणि ज्याला धक्क्यावर जागा नाही, त्याने बोट तीन मैलांवरच्या चिखलात लावायची, मासळी डोक्यावर वाहायची आणि वर्षभरात बोट विकायची. आजवर चौघांनी अशा विकल्या. आत्याची जागा पायऱ्यांलगतची, सर्वांत चांगली. आतोबांच्या वडिलांनी ती धरली होती.

यादीतला पहिला माणूस म्हणजे आमच्या अध्यक्षांचे जावई. हा निव्वळ योगायोग आहे, असा ठराव एकमताने संमत झालेला आहे.

नियम क्रमांक तेरा असा, की संस्थेने मंजूर न केलेला पंखा बसवणाऱ्या बोटीची जागा तीस दिवसही न थांबता तत्काळ रद्द होईल. त्यामुळे आत्याने बाजारातून पंखा आणावा, हा सोपा मार्ग बंद होता. सोपे मार्ग मोकळे ठेवले तर समितीकडे कोण येईल?

समिती नऊ जणांची. अध्यक्षांना बोट लागते, म्हणजे बोटीत पाय ठेवताच मळमळतं, त्यामुळे बोटींच्या बाबतीत ते पूर्णपणे तटस्थ आहेत. भूमितीचे निवृत्त मास्तर घेतले, कारण पंखा गोल फिरतो. बर्फ कारखान्याचे मालक घेतले, कारण त्यांच्या कार्यालयात पंखा आहे, वातानुकूलन नाही, आणि त्यामुळे त्यांना हवेच्या दाबाचं ज्ञान असावं असा अंदाज होता. फोटोग्राफर घेतले, कारण फोटो. स्वतः जावई घेतले, कारण धक्क्यावरच्या त्या जागेविषयी त्यांच्याइतका जिव्हाळा दुसऱ्या कोणाला नव्हता. तिघं गणसंख्येसाठी, आणि मी. दहावी जागा 'जागरूक नागरिक' या वर्गासाठी राखली होती. योग्य उमेदवार मिळेपर्यंत ती रिकामी ठेवायचं ठरलं.

मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना साक्षीसाठी बोलावलं. मिस्त्रींची शेड धक्क्यामागेच आहे. भिंतीवर खिळ्यांना जुने पंखे टांगलेले, कोपऱ्यात मशीन बुडवून सुरू करण्यासाठी पाण्याचं पिंप आणि सगळीकडे ग्रीसचा वास. ते हात पुसत आले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"बोट रोज भरता तशी भरा. बर्फ, जाळं, माणसं, पेट्रोल, सगळं. मग पूर्ण जोर द्या आणि मशीनचे फेरे मोजा. मिनिटाला पाच हजाराच्या वर गेले पाहिजेत. कमी पडले तर लहान आकड्याचा पंखा लावा, फार वर गेले तर मोठ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. फेरे मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे."

अध्यक्षांनी मिस्त्रींचे आभार मानले आणि त्यांना समितीत न घेण्याचा निर्णय झाला. ज्या माणसाकडे आधीच उत्तर तयार आहे, तो खुल्या मनाने चर्चा कशी करणार?

पहिले बारा दिवस सर्वेक्षणात गेले. 'आपल्या मते आदर्श पंखा कसा असावा?' या प्रश्नाची पत्रकं घरोघरी वाटली. एकशे बेचाळीस घरांच्या पाहणीचा गोषवारा असा: चकचकीत असावा, एकेचाळीस टक्के. शेजाऱ्याच्या पंख्यापेक्षा मोठा असावा, बावीस टक्के. टिकाऊ असावा, नऊ टक्के. आमचे काका सांगतील, पाच टक्के. राहिलेली तेवीस टक्के घरं बंद होती. (ती बोटवाल्यांची घरं. सर्वेक्षण सकाळी झालं आणि सकाळी ही मंडळी समुद्रावर असतात. त्यांना या विषयात रस नसावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.)

चकचकीत म्हणजे स्टीलचा. आत्याचा जुना पंखा अॅल्युमिनियमचा होता, राखाडी, कुठल्याही फोटोत न उठून दिसणारा. एका सदस्याने शंका काढली, की पंखा पाण्याखाली असतो, तो चमकला काय आणि न चमकला काय. ही शंका ऐकून क्षणभर सगळेच गडबडले, हे कबूल करायला हवं. पण मास्तर उठले आणि त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. बोट चोवीस तासांपैकी साधारण सोळा तास धक्क्याला उभी असते. उभी असताना मशीन वर उचलून ठेवतात. म्हणजे दिवसाचे दोन तृतीयांश तास पंखा पाण्याबाहेर, लोकांच्या नजरेसमोर असतो. बोट ढकलणं हे त्याचं अर्धवेळ काम आहे, दिसणं हे पूर्णवेळ. स्टीलचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

मग आकड्याचा प्रश्न आला. यात चर्चेला फारसा वाव नव्हता. नऊ हा आकडा लहान आहे आणि पंधरा मोठा आहे, हे समितीतल्या सर्वांना शाळेपासून माहीत होतं. तरीही शास्त्र म्हणून मास्तरांनी गणित केलं. पंधरा इंच गुणिले मिनिटाला साडेपाच हजार फेरे गुणिले साठ. उत्तर आलं, ताशी एकशे सव्वीस किलोमीटर. (मशीनचे फेरे पंख्यापर्यंत पोचताना निम्म्याहून कमी होतात आणि पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, या दोन गोष्टी गणितात नव्हत्या. पण गणित बरोबर होतं, दोनदा तपासलं.) एवढ्या वेगाची बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून दोनशे मीटर अलीकडे पाण्यात 'सावकाश' अशी पाटी रोवायचं ठरलं. ती पाटी आजही आहे. तिच्यावर बगळे बसतात.

दरम्यान आत्या रोज सकाळी कार्यालयात यायची. बोट बंद, जाळं वाळत पडलेलं, करायचं काय? ती बाकावर बसायची आणि काहीतरी विणत राहायची. मी तिला समितीची प्रगती सांगायचो. सून दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीला जायला लागली होती आणि आतोबा दिवसातून चार वेळा रिकाम्या बोटीतलं पाणी उपसून येत होते.

"झालं का रे तुमचं?" आत्या विचारायची.

"स्टील झालं, आत्या. आता पॅकिंगचा रंग राहिलाय."

"बरं. तो डाग अजून गेला नाही वाटतं."

डागाच्या बाबतीत शिपायाने कळवलं होतं, की टेबल त्याच्या कामाच्या यादीत नसून फक्त फरशी आहे. प्रकरण विचाराधीन होतं.

बाविसाव्या दिवशी अध्यक्षांचे जावई मोजपट्टी घेऊन धक्क्यावर आले. त्यांनी पायऱ्यांलगतच्या जागेची लांबी-रुंदी घेतली आणि बोट घासू नये म्हणून धक्क्याच्या भिंतीला दोन नवेकोरे टायर लटकवले. आत्या बोटीत बसून बघत होती. जावई तिला म्हणाले, "आत्याबाई, रागावू नका हां, फक्त मापं घेतोय." आत्या म्हणाली, "घ्या की जावईबापू, माप घ्यायला काय हरकत आहे. शिंपीपण आधी मापच घेतो." लहानपणी आई आजारी असली की मी याच आत्याकडे राहायचो, याच बोटीत झोपायचो, आणि आता तिची जागा जाताना मी इतिवृत्त लिहीत होतो. मला लाज वाटत होती. पण लाज नोंदवण्यासाठी आमच्या इतिवृत्तात रकाना नाही.

सत्ताविसाव्या दिवशी पंखा आला. खोका उघडला तेव्हा समितीतल्या दोघांनी त्यात बघून केस सारखे केले, इतका तो चकचकीत होता.

पहिली चाचणी मिस्त्रींच्या पिंपात झाली, कारण अध्यक्षांना बोट लागते. मशीन पिंपात बुडवलं, सुरू केलं, पंखा फिरला, समितीच्या अंगावर पाणी उडालं. पिंप जागचं हललं नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निकाल समाधानकारक मानला गेला.

दुसरी चाचणी अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्यक्ष पाण्यात. मिस्त्रींना फक्त फेरे मोजण्यापुरतं बोलावलं. बोट स्वच्छ दिसावी म्हणून आधी तिच्यातून पुढील वस्तू उतरवल्या: जाळी, बर्फाची पेटी, नांगर, क्रेट, पेट्रोलचा जादा कॅन, दोऱ्या, एक जुनी चादर आणि आतोबा. एकटी आत्या सुकाणूवर. तिने जोर दिला आणि बोट अशी काही सुटली की फोटोग्राफरच्या फोटोत नुसता फेस आला. यंत्राने फेरे दाखवले पाच हजार दोनशे. धक्क्यावर टाळ्या.

मिस्त्री म्हणाले, "अहो, पण रिकाम्या बोटीवर कोणताही..."

अध्यक्षांनी त्यांना हा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मांडायला सांगितलं. ते सदर येण्यापूर्वी चहा आला आणि सभा संपली.

पंख्याचं प्रमाणपत्र मी स्वतः टाइप केलं. त्यात अध्यक्षांच्या सूचनेवरून एक अट घातली: 'सदर पंखा बोटीत मासे नसताना सर्वोत्तम कामगिरी करतो. मासे भरल्यास होणाऱ्या परिणामांना समिती जबाबदार नाही.' वाचणाऱ्याला ही अट विचित्र वाटेल. पण निरीक्षणाने सिद्ध झालेली गोष्ट नाकारून कसं चालेल? रिकामी बोट पळते, भरलेली बोट रखडते, म्हणजे दोष माशांकडे जातो. आणि दुसरीकडे नियम क्रमांक बारा किमान बारा क्रेट मासळी मागत होता. दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची होती आणि दोन्ही सह्या सुरेख होत्या.

एकोणतिसावा दिवस प्रमाणपत्रावर शिक्का मारण्यात गेला. शिक्का कोरडा पडला होता. त्या संध्याकाळी मिस्त्री आत्याच्या बोटीपाशी आले आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आतोबांच्या हातात देऊन गेले. मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं. (इतिवृत्तात नोंद नाही.)

तिसाव्या दिवशी पहाटे आत्या निघाली. निघण्यापूर्वी अध्यक्षांनी स्वतः पंख्यावरून बोट फिरवून बघितलं, रजिस्टरात 'स्टील, पंधरा, मंजूर' असं लिहवून घेतलं आणि हातरुमालाने आपल्या बोटाचा डाग पंख्यावरून पुसला. हिशेब साधा होता. जायचं, जाळं टाकायचं, मासळी भरायची आणि दुपारी बारापर्यंत परत यायचं. कारण आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. एक वाजेपर्यंत त्याच्यावर बोट जाण्याइतकं पाणी होतं, मग ओहोटी आणि पुन्हा पाणी चढायला संध्याकाळचे सव्वापाच. दांड्यापासून धक्का सहा किलोमीटर. सहा वाजता रजिस्टर बंद.

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. चार वाजता समिती धक्क्यावर जमली. खुर्च्या मांडल्या, फीत बांधली, फोटोग्राफरने जागा धरली. पन्नास मीटरवर जावई आपल्या बोटीत उभे होते, मशीन सुरू आणि हातात दोर. निःपक्षपातीपणा म्हणून अध्यक्ष त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"आत्या, कुठे आहेस?"

"दांड्याबाहेर. पाणी चढायची वाट बघतेय."

"अगं, तू बारापर्यंत येणार होतीस ना?"

"येणार होते. चौदा क्रेट आहेत, काही कमी नाहीत. पण बोट उठेल तर शपथ! मशीन नुसतं कण्हतंय रे. गुडघेदुखीवाला माणूस जिना चढतो ना, तशी आलेय इथपर्यंत."

"मग आता?"

"आता काय. तुझे आतोबा कमरेएवढ्या पाण्यात उतरलेत."

"कशाला?"

"गार वाटतं म्हणाले. ठेव फोन, हात ओले आहेत माझे."

मी समितीला कळवलं, की बोट दांड्याशी आहे आणि सव्वापाचला निघेल. बोट भरलेली, पंखा पंधराचा, पाऊण तास तर नक्की लागणार, वर दांड्यावरून अलगद यायचं म्हणजे सहा टळून जाणार. मास्तरांनी मात्र खिशातून कागद काढला, ताशी एकशे सव्वीसने सहा किलोमीटर भागले आणि सर्वांना धीर दिला. तीन मिनिटं. कोणी गडबडून जाऊ नये. त्यावर अध्यक्षांनी दुसरा चहा मागवला.

साडेपाच वाजून गेले. पाच पस्तीस. जावयांनी दोर गुंडाळून मोकळा केला. आणि मग खाडीच्या वळणावरून आधी आवाज आला. कण्हणं नव्हतं ते. चांगलं एकसुरी, पोट भरल्यासारखा आवाज. मागोमाग बोट दिसली, नाक वर करून, दोन्ही बाजूंना पाणी फाडत, चौदा क्रेट पोटात घेऊन. सुकाणूवर आत्या, पुढे सून आणि मध्ये चिंब भिजलेले आतोबा. 'सावकाश' पाटीवरचे बगळे उडाले. पाच बेचाळीसला बोट पायऱ्यांना लागली. जावयांच्या नव्या टायरांवर ती टेकली, अजिबात घासली नाही.

"टायर चांगले आहेत हो जावईबापू," आत्या म्हणाली.

मी रजिस्टर घेऊन पायऱ्या उतरलो. वेळ लिहिली, क्रेट मोजून लिहिले. तिसरा रकाना पंख्याचा. आतोबांनी मशीन वर उचललं आणि संबंध समिती फीत सोडून वाकून बघायला लागली. पंखा राखाडी होता. एका पातीला कानशीने घासल्याच्या खुणा होत्या, जुना पण धड. मधल्या भागावर कोरलेला आकडा माझ्यापासून हातभर अंतरावर होता: अकरा.

"चमक कुठे गेली?" अध्यक्ष म्हणाले.

नियम क्रमांक तेरा सगळ्यांना पाठ होता. जावई तर बोट जवळ आणायला लागले होते. आत्या हात पुसत माझ्याकडे बघत होती. तिने डोळ्यांनीही काही मागितलं नाही, आणि तेच मला जड गेलं.

"खारं पाणी, साहेब," मी म्हणालो. तीस दिवसांत समितीपुढे मांडलेलं हे माझं पहिलं मत. "पहिल्या फेरीला चमक जातेच."

अध्यक्षांनी एकदा पंख्याकडे आणि एकदा फोटोग्राफरकडे पाहिलं. "मग पॉलिशसाठी एक उपसमिती नेमा," ते म्हणाले आणि त्यांनी फीत कापली. मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'पंखा पाहिला. ठीक आहे.' माझ्या नोकरीतली ही एकच नोंद, जिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मागाहून आत्याकडे गेलो तेव्हा सगळं कळलं. गोणपाटात मिस्त्रींच्या खिळ्यावरचा जुना पंखा होता. उघड्या समुद्रात पंखा बदलायचा तर नट हातातून सुटण्याची भीती, म्हणून ते दांड्यावर पाय टेकेपर्यंत थांबले. आतोबांनी पिन सरळ करून काढली, नट सोडवला, पंधरा उतरवला आणि अकरा चढवला. दहा मिनिटं लागली. राहिलेला वेळ ती तिघं वाळूवर बसून शिदोरी खात होती.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना रे?" आत्याने विचारलं. रागावून नाही, सहज.

मी म्हटलं, "सांगितलं होतंस. नोंद आहे."

चकचकीत पंखा तिच्या घरी आहे. दाराला टेकवून ठेवलाय, वाऱ्याने दार आपटत नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करतो, म्हणजे सर्वेक्षण काही चुकलं नव्हतं. समितीच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण 'तीस दिवसांच्या विक्रमी मुदतीत यशस्वी' असं छापलं आहे, वर फीत कापतानाचा फोटो. पुढच्या वर्षी समितीकडे वल्हीसुद्धा सोपवणार आहेत.

आता तुम्ही हसत असाल. एवढी साधी गोष्ट नऊ शहाण्या माणसांना कळू नये, असं मनात म्हणतही असाल. तर आत्याने पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभं राहून जे सांगितलं, ते मी तुम्हालाही तेव्हाच सांगितलं होतं, वर, कंसात. तुम्ही तो कंस वाचलात. त्यातला टेबलावरचा गोल डाग तुम्हाला व्यवस्थित आठवतोय, कारण मध्ये आत्याने त्याची चौकशी केली तेव्हाही तुम्हाला तो लगेच आठवला. आकडा मात्र तुम्ही तिथेच सोडून पुढे आलात आणि पंखा कोणता निघतो ते बघायला शेवटपर्यंत समितीबरोबर थांबलात. वर जाऊन बघू नका, आहे तो तिथे.

समितीतली 'जागरूक नागरिक' ही दहावी जागा अजून रिकामी होती. सर्वानुमते आपली निवड झाली आहे. अर्जाची गरज नाही. सोमवारी साडेदहाला या, चहा असतो. फक्त माझ्या टेबलावर काही ओलं ठेवू नका.